जनरल रजिस्टर

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या सकाळी फाटकाशी माणसं उभी होती. 2023 चा नोव्हेंबर महिना. आमच्या शाळेच्या आवारात एवढी माणसं मी त्याआधी फक्त मतदानाच्या दिवशी पाहिली होती. परिपाठ सुरू झाला तशी ती बाजूला सरकली, राष्ट्रगीत संपेपर्यंत हलली नाहीत, आणि पोरं वर्गात गेल्यावर पुढं आली. तेव्हा आमचा पट 14 होता. फाटकाशी आलेली माणसं त्याहून जास्त होती.

"बाई, जुनं रजिस्टर काढता का? आज्याचं नाव बघायचंय."

कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नेमली गेली होती. आधी मराठवाड्यापुरतं असलेलं ते काम आता सगळ्या राज्यात सुरू झालं होतं. कुणबी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा हवा. एवढा जुना कागद खेड्यात कुणाच्या घरी राहतो? पावसानं, वाळवीनं, वाटण्यांनी घरातले कागद कधीच गेलेले असतात. मग उरतात दोन जागा. एक तहसीलमधलं जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, आणि दुसरी गावची मराठी शाळा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. कराड तालुक्यातल्या या गावात बदलून आले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. दगडी जोत्याची, मंगलोरी कौलांची मुख्य खोली आणि मागं नंतर बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. मुख्य खोलीत कुणी बसत नसे. तिथं मोडकी बाकं, तांदळाची रिकामी पोती, जुने नकाशे आणि कोपऱ्यात एक लोखंडी ट्रंक.

चार्ज घेताना त्या ट्रंकेची नोंद मी यादीत वाचली होती, 'जुने रेकॉर्ड, एक पेटी'. उघडून पाहिली नव्हती. हे मला आज सांगावंसं वाटतं, कारण दोन वर्षं मी त्या पेटीच्या पाच पावलांवर बसून ऑनलाइन माहिती भरत होते.

कुलूप तेल घालूनही निघालं नाही, शेवटी कडी कापली. आत लाल बासनात बांधलेली रजिस्टरं होती. डांबरगोळ्या कधीच विरून गेल्या होत्या, पण कुणीतरी पानापानांत कडुलिंबाचा पाला घातला होता, त्याचा चुरा अजून शिवणीत अडकलेला. जाड, पिवळा कागद. काही ठिकाणी शाईनंच कागद खाल्लेला, म्हणजे अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक. ओळी रूळ ठेवून आखलेल्या. आणि पहिल्या दोन रजिस्टरांतलं एक अक्षरही मला वाचता येईना. सगळं मोडी. शिरोरेघ आधी ओढून घेतलेली आणि तिला लटकत, टाक न उचलता धावत गेलेली अक्षरं. तिसऱ्या रजिस्टरापासून बाळबोध सुरू होत होतं.

लोकांना मी तिसऱ्यापासूनची रजिस्टरं टेबलावर काढून दिली. मोडीसाठी कराडहून एक निवृत्त काका आले. ते एसटीनं यायचे, दुपारी भाकरी आमच्याबरोबर खायचे आणि भिंग घेऊन बसायचे. ते वाचत, मी लिहून घेत असे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बसायचो, ऊन कलेपर्यंत. असे कितीतरी शनिवार गेले. कुणाची हवी ती नोंद सापडली, कुणाची नाही सापडली. तो विषय ज्याच्या त्याच्या घरचा. मी सांगतेय ते निराळंच आहे.

जनरल रजिस्टर बाहेरच्या माणसानं सहसा पाहिलेलं नसतं. मूल शाळेत दाखल झालं की त्याला त्यात एक नंबर मिळतो. पुढं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, शेवटी शेरा. एक माणूस, एक आडवी ओळ. मी नोकरीला लागल्यापासून अशा ओळी भरत आलेय, पण एकामागून एक वाचल्या नव्हत्या. आता वाचायला लागल्यावर 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यावरच नजर अडकायला लागली. 'गुरे राखणेस.' 'मुंबईस गेला.' 'घरकामास.' 'गैरहजर, सबब नाव कमी.' मुलींच्या नावापुढं 'लग्न.' प्लेगाच्या सालात 'गाव सोडून रानात.' आणि 1918 च्या अखेरीस, एन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा, एकाखाली एक, एकाच हातानं लिहिलेलं, 'मयत', 'मयत', 'मयत'. काका वाचायचे थांबले. मीही लिहायची थांबले. त्या गुरुजींनी ती पोरं शिकवली असतील, त्यांना पाटीवर हात धरून गिरवायला लावलं असेल.

जन्मतारखांच्या रकान्यात 1 जून, 1 जून, 1 जून. आईला तारीख सांगता येत नसे, "पेरणीच्या आधी झाला" एवढं ती सांगे, आणि गुरुजी पोराकडं बघून साल ठरवत. जून लागला की शाळा, म्हणून 1 जून. आजही गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा वाढदिवस आधारकार्डावर तोच आहे. पोराला हात डोक्यावरून नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरता आला की ते शाळेत घालायचं, असंही मला एका आजींनी सांगितलं.

अशीच एक ओळ साताऱ्यातल्या एका रजिस्टरात आहे. डी.एड. मी साताऱ्याला केलं. राजवाड्यावरून रोज जायचे-यायचे. तिथं छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल आहे, आमच्याच जिल्हा परिषदेचं. तेव्हाचं ते गव्हर्नमेंट हायस्कूल. 7 नोव्हेंबर 1900 ला सुभेदार रामजींचा मुलगा तिथं इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरला नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर, नंबर 1914. ते पान शाळेनं जपून ठेवलंय, आणि 2017 पासून 7 नोव्हेंबर हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. आम्ही दरवर्षी मुलांकडून भाषणं पाठ करून घेतो. बाबासाहेबांनी स्वतःच पुढं लिहून ठेवलंय की वर्गात बसायला गोणपाट ते घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत घरी आणायचे, कारण साफसफाई करणारा नोकर त्याला हात लावत नसे. शिपाई असेल तर पाणी, नाहीतर तहानलेलं राहायचं. रजिस्टरात यातलं काही नाही. रजिस्टरात फक्त तारीख, नाव, नंबर. पण त्या एका ओळीमुळं तो मुलगा त्या शाळेत होता हे कुणालाही नाकारता येत नाही. सरकारी शाळेचं मोठेपण मला त्यात दिसतं. आत वागणूक वाईट मिळाली, तरी नाव लिहून घेतलं गेलं, आणि लिहिलेलं नाव पुसलं गेलं नाही.

आमच्या रजिस्टरातही तशी नावं आहेत. वेशीबाहेरच्या वस्तीतली. मोडीवाल्या काकांनी त्यातलं एक वाचलं तेव्हा त्या घरातला पणतू समोर बसला होता. त्याला वाटत होतं, आपल्या घरात शाळा पहिल्यांदा आजोबांनी पाहिली. त्यांच्याही आधीचा माणूस दोन वर्षं या खोलीत, किंवा या खोलीच्या ओसरीवर, येऊन गेला होता. 'सोडल्याचे कारण' होतं 'गैरहजर.' तो पणतू बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिला. मोडी त्याला वाचता येत नव्हती, तरी बघत राहिला.

शाळेचा बाकीचा इतिहास असा तुकड्यातुकड्यांनी हाती आला. म्हातारी माणसं अजून हिला लोकल बोर्डाची शाळा म्हणतात. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, पण बोलण्यात बोर्डच राहिलं. एके काळी इथं सातवीपर्यंत वर्ग होते आणि सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा झालेला माणूस थेट मास्तर होत असे. या तालुक्याला शाळेचं वेड जुनं आहे. आगरकर टेंभूचे. रयत शिक्षण संस्था 4 ऑक्टोबर 1919 ला निघाली ती काले गावात, आमच्यापासून फार लांब नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मुख्य खोलीच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. ती चुना भरून बुजवली, अजून दिसते. 72 च्या दुष्काळात याच आवारात सुकडी वाटली जायची. हे सांगणारे आजोबा वास आठवून सांगत होते.

मग शाळा ओस कशी पडली? गावात विचाराल तर सगळे पिवळ्या गाडीकडं बोट दाखवतील. इंग्रजी माध्यमाची गाडी सकाळी साडेआठला मारुतीच्या देवळापाशी येते. पण गाडी यायच्या आधीच आम्ही लोकांना गमावलं होतं, असं माझं मत आहे. मधली काही वर्षं इथं एकच शिक्षक होता. चार इयत्ता, पोषण आहाराचा हिशोब, जनगणना, मतदार यादी, आणि दर आठवड्याला तालुक्याला बैठक. त्या वर्षांत चौथी झालेली काही पोरं पाचवीला दुसऱ्या गावी गेली तेव्हा त्यांना धड वाचता येत नव्हतं. आईबाप हे विसरत नाहीत. त्यांनी धाकट्याला गाडीत बसवलं. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. खरं तर मी केलंच होतं, ते पुढं येईल.

2023 च्या त्याच सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा प्रश्न राज्यभर पेटला होता. अशा लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं पत्र निघालं होतं. अशा 14,783 शाळा, त्यांत 1 लाख 85 हजार 467 मुलं, असा आकडा वर्तमानपत्रांत आला होता. आमची शाळा त्या आकड्यातली एक. गावात यावर फारसं कुणी बोललं नव्हतं. एका शनिवारी आम्ही रजिस्टर वाचत बसलो असताना एका आजोबांनी सहज विचारलं,

"बाई, शाळा मिटली तर ही रजिस्टरं कुठं जायाची?"

"केंद्रशाळेत जातील, नाहीतर पंचायत समितीत."

"म्हंजी आमच्या आज्याचं नाव परगावात?"

ओसरीवर सात-आठ माणसं होती. कुणी काही बोललं नाही. पण त्या संध्याकाळी सरपंचांचा फोन आला, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत शाळेचा विषय घेऊ म्हणून. मी तिथं नोकरीला आल्यापासून ग्रामसभेत शाळेचा विषय निघाला होता तो फक्त संडासाच्या टाकीवरून.

त्या ग्रामसभेला मी भाषण केलं नाही. घराघराची यादी केली होती, प्रत्येक घरातून सगळ्यात आधी शाळेत आलेल्या माणसाचं नाव, दाखल झाल्याचं साल आणि नंबर. ती वाचली. वरच्या आळीपासून सुरुवात केली आणि वेशीबाहेरच्या वस्तीवर संपवली. नाव आलं की त्या घरातलं कुणीतरी मान वर करायचं. यादी संपल्यावर मी एवढंच विचारलं, यातल्या किती घरांतलं मूल आज या शाळेत आहे?

तेव्हा मागून एक बाई उठली. तिची मुलगी गाडीनं जायची.

"बाई, तुमची लेक कुठं हाय शाळंला?"

माझी मुलगी कराडला इंग्रजी माध्यमात दुसरीत होती. मी तसं सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ती बाई खाली बसली, तिनं पुढं काही म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

घरी त्यावर खूप बोलणं झालं. यजमान म्हणाले, आपल्या नोकरीपायी पोरीचं नुकसान करायचं का? मी म्हटलं, नुकसान होईल अशी शाळा मी चालवत असेन तर मग दुसऱ्यांची पोरं तरी मी कशी बोलावते? या प्रश्नाला आमच्या दोघांकडंही उत्तर नव्हतं. 2024 च्या जूनमध्ये मी तिचं नाव माझ्या हातानं रजिस्टरला घेतलं, इयत्ता तिसरी. 'आधीची शाळा' या रकान्यात कराडच्या शाळेचं नाव लिहिताना हात थांबला, मग लिहिलं. त्या जूनमध्ये पट 23 झाला. ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्या बाईनं मात्र त्या वर्षी मुलगी घातली नाही. ती वर्षभर बघत राहिली.

पट वाढवायचा म्हणजे भिंती रंगवायच्या, आगगाडीचा डबा काढायचा, फोटो टाकायचे, असं हल्ली फार दिसतं. रंगाला माझी ना नाही, पोरांना आवडतो. पण रंगानं पोर दोन दिवस टिकतं. मी काही वर्षांपूर्वी आमच्याच जिल्ह्यात कुमठे बीटच्या शाळा बघायला गेले होते. तेव्हा राज्यभरातून शिक्षक तिथं यायचे. सगळेजण फरशीवर आखलेल्या आकृत्यांचे फोटो काढत होते. मला तिथं दुसरंच दिसलं. पहिलीतलं पोर न अडखळता वाचत होतं, आणि बाई त्याच्या मागं उभ्या नव्हत्या. आम्ही दोघांनी, मी आणि माझ्या सहकारी गुरुजींनी, तेच एक काम धरलं. वाचन. इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जेवढं येतंय तिथून. मे महिन्यात सकाळी दोन तास देवळात बसलो. अक्षर ओळखणारे एका बाजूला, शब्द वाचणारे दुसऱ्या, वाक्यवाले तिसऱ्या. बिस्किटाचा पुडा, खताची पिशवी, एसटीची पाटी, लग्नपत्रिका, जे मिळेल ते वाचायचं. तिसरीतला एक मुलगा इंग्रजी शाळेतून आमच्याकडं परत आला होता. त्याला कविता घडाघडा म्हणता यायच्या, पण बोट ठेवलेला शब्द वाचता यायचा नाही, मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही. तो पहिले दोन महिने नुसता खिडकीत बसायचा.

2024 च्या डिसेंबरात आम्ही मारुतीच्या पारावर चावडी वाचन ठेवलं. गावानं काहीही द्यावं, पोरांनी वाचावं. कुणी वर्तमानपत्र दिलं, कुणी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. खिडकीत बसणाऱ्या त्या मुलाचा आजा पुढं आला आणि कोपरीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाला, हे वाच. सातबारा होता. पोरानं बोट ठेवलं. गट नंबर वाचला. क्षेत्र वाचलं, हेक्टर आणि आर. मग भोगवटादाराचं नाव आलं, ते त्याच्या आज्याचंच. तिथं तो क्षणभर थांबला, वर बघितलं आणि पुन्हा खाली बघून 'इतर अधिकार' या रकान्यातलं सोसायटीचं कर्जही मोठ्यानं वाचून टाकलं. पारावर हसू उसळलं. आजा हसला नाही. त्यानं कागद परत घेतला, चार घड्या घातल्या आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

त्याच्या पुढच्या चैत्रात, जत्रेला मुंबईकर मंडळी आली. मुंबईत माथाडीचं काम करणारी, टेम्पो चालवणारी, एक-दोन मोठ्या हुद्द्यावरची. मुख्य खोलीची कौलं उतरवून नवी घालायची, वासे बदलायचे, असं त्यांनी ठरवलं. वर्गणीची यादी करताना मंडळातल्या पोरांनी एक गोष्ट आपणहून केली. प्रत्येक देणगीदाराच्या नावापुढं त्याचा जनरल रजिस्टरचा नंबर लिहिला. पैशाचा आकडा लिहिला नाही. भूकंपाची भेग गवंड्यानं पुन्हा नीट भरली. प्लास्टर करून झाकू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. आता चौथीचा वर्ग त्या खोलीत भरतो आणि भूकंपाचा धडा शिकवताना मुलं उठून त्या भेगेवर हात फिरवून येतात.

2025 च्या जूनमध्ये प्रवेशोत्सवाला पट 38 होता. ग्रामसभेतली ती बाई मुलीला घेऊन आली. अर्ज भरताना मी तिला तिचंही नाव रजिस्टरात दाखवलं. ती याच गावची लेक, याच गावात दिलेली, चौथीपर्यंत इथंच शिकलेली. 'वर्तणूक चांगली' असा शेरा होता. तो तिनं दोनदा वाचला.

सगळं काही जमलंय असं नाही. शिक्षक अजून दोनच आहेत, तिसऱ्या पदाइतका पट अजून झालेला नाही. पिवळी गाडी अजून येते, आणि तिच्यात बसणाऱ्या पोरांच्या आईबापांवर माझा राग नाही. पावसाळ्यात मागच्या खोल्या गळतात. माझी बदली कधीही होईल, नियमच तसा आहे. तोवर एक काम संपवायचंय. पहिल्या दोन मोडी रजिस्टरांचं वाचन अर्ध्यावर आहे. कराडच्या काकांना आता डोळ्यांमुळं येता येत नाही. सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवलेत, पण फोटो काढणं म्हणजे वाचणं नव्हे. तेव्हा ज्यांना मोडी येते त्यांना माझं सांगणं आहे, तुमच्या जवळच्या जुन्या मराठी शाळेत एकदा जाऊन विचारा. ट्रंक बहुतेक असेल. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारनंतर गुरुजींना किंवा बाईंना वेळ असतो. जाताना भिंग तेवढं घेऊन जा.